बंद झालेलं तुमचं दुकान कोणतं? आणि तिथे शेवटचं कधी गेला होतात?

पागोळी
परवा आईचा जुना लोकरी कोट बाहेर काढला. तपकिरी रंगाचा, गुडघ्यापर्यंत येणारा. समोरचं एक बटण तुटून अर्धंच उरलं होतं. ते अर्धं बटण रुमालाच्या टोकाला बांधलं आणि पुण्यात लक्ष्मी रोडच्या मागच्या गल्लीत गेले.

तिथे बटणांचं आणि लेस-अस्तराचं एक दुकान होतं. हात पसरले तर दोन्ही भिंतींना लागतील एवढंच रुंद. भिंतभर पुठ्ठ्याचे खोके, आणि प्रत्येक खोक्याच्या तोंडावर आतल्यापैकी एक बटण दोऱ्याने टाचलेलं. आपण आपलं बटण काउंटरवर ठेवायचं. काका ते बोटांत फिरवायचे, बाहेरच्या उजेडाकडे धरायचे आणि लांब काठीने वरच्या रांगेतला नेमका खोका पुढे ओढायचे. खोका खाली पडतोय असं वाटेपर्यंत तो त्यांच्या दुसऱ्या हातात आलेला असायचा. लहानपणी मी फक्त ते बघायला आईबरोबर जायचे.

आता तिथे मोबाइलची कव्हरं मिळतात. पायरी तीच आहे, डाव्या कोपऱ्याला टवका उडालेली. मी त्या पायरीवर उभी राहिले आणि खरंच डोळे भरून आले. दुकान कधी बंद झालं, कोणी सांगू शकलं नाही.

घरी येऊन आठवायला बसले. मी तिथे शेवटची गेले होते ब्लाउजच्या लेससाठी, अकरा वर्षांपूर्वी. त्यानंतर सगळं शिंप्याकडेच किंवा ऑनलाइन.

म्हणून हा धागा. तुमचं असं दुकान किंवा हॉटेल कोणतं? त्याबरोबर दुसऱ्या प्रश्नाचंही उत्तर द्या. बंद होण्याआधी तुम्ही तिथे शेवटचं कधी गेला होतात?

सांजवात
कॅम्पातलं नाझ. एमजी रोडवरचं इराणी. त्यांचे सामोसे! आपले बटाट्याचे जाडजूड नव्हेत, पातळ कुरकुरीत आवरणाचे, चपटे. बशीत ढीग आणून ठेवायचे आणि आपण खाल्ले तेवढ्यांचेच पैसे. वडील आम्हाला दिवाळीच्या खरेदीनंतर न्यायचे. शेवटचं कधी गेले ते आठवत नाही, हेच उत्तर. काळजात काहीतरी हललं हा प्रश्न वाचून.

केतकी_०७
वाचतेय. डेक्कनचं लकी कॅफे कोणी लिहिणार की मीच लिहू?

मोगरा
केतकी, लिही गं. आमच्या घरी आई-बाबांची पहिली भेट तिथे झाली म्हणून ते नाव आदराने घेतात. :) गुडलक (१९३५ चं) अजून आहे, तेवढंच समाधान.

अण्णा_कॅम्पवाले
माझं दुकान पुस्तकांचं. मॅनीज. मोलेदिना रोडवरचं क्लोव्हर सेंटर. १९४८ साली सुरू झालं आणि मार्च २०१२ मध्ये बंद झालं.

मी तेव्हा जवळच नोकरीला होतो. दुपारी जेवणाच्या सुट्टीत डबा दहा मिनिटांत संपवायचा आणि उरलेली वीस मिनिटं मॅनीजमध्ये. पगार बेताचा, त्यामुळे विकत घेणं महिन्यातून एकदा. बाकीचे दिवस उभ्यानेच वाचायचो. एक जाडजूड प्रवासवर्णन मी असं पावणेदोन महिने वाचलं. रोज त्याच फळीवर, त्याच जागी ठेवायचो. एक दिवस पुस्तक तिथे नव्हतं. वाटलं, खपलं. तर काउंटरवरच्या गृहस्थांनी खालून काढून दिलं. कोणीतरी दुसऱ्या कप्प्यात ठेवून गेलं असतं आणि तुम्हाला सापडलं नसतं, म्हणून बाजूला ठेवलं, म्हणाले. विकत घ्या असं एका शब्दाने म्हणाले नाहीत. मी त्या पगाराला ते घेतलं. अजून आहे.

पागोळीताई, दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर: शेवटच्या आठवड्यात गेलो होतो. तेव्हा इतकी गर्दी होती की आत शिरायला जागा नव्हती. ती गर्दी बघून मला आनंद नाही झाला. ही सगळी माणसं इतकी वर्षं कुठे होती?

भटक्या_जीव
अण्णा, तुमचं शेवटचं वाक्य मी मुंबईत चार वेळा अनुभवलंय.

आमचा शनिवारचा रस्ता ठरलेला. आधी फोर्टात स्ट्रँड बुक स्टॉल. टी. एन. शानभाग यांनी १९४८ मध्ये कुलाब्याच्या स्ट्रँड सिनेमात छोट्या स्टॉलवर सुरू केलेलं, पुढे फोर्टात आलं. पुस्तकावर हमखास सवलत, आणि सुंदराबाई हॉलमधल्या त्यांच्या प्रदर्शनाला आम्ही रिकाम्या पिशव्या घेऊन जायचो. शानभागांना २००३ मध्ये पद्मश्री मिळाली तेव्हा आम्हालाच मिळाल्यासारखं वाटलं होतं. मग चालत काळा घोडा, ऱ्हिदम हाऊस हे गाण्यांचं दुकान. घ्यायचं काही नसलं तरी नवीन काय आलंय ते चाळायचं. शेवटी जहांगीर आर्ट गॅलरीतलं समोवार कॅफे. अरुंद, आगगाडीच्या डब्यासारखं लांबट, एका बाजूला म्युझियमच्या बागेची हिरवळ. तिथे एका चहावर दोन तास बसलो तरी कोणी उठा म्हणालं नाही.

समोवार १९६४ ते ३१ मार्च २०१५. ऱ्हिदम हाऊस फेब्रुवारी २०१६ च्या शेवटी. स्ट्रँड फेब्रुवारी २०१८. तीन वर्षांत आमचा अख्खा शनिवार गेला. आता मी चर्चगेटला उतरतो, पण पाय कुठे वळवायचे ते त्यांना कळत नाही.

चौथं म्हणजे वेसाइड इन हे हॉटेल. तेही काळा घोड्यालाच. कवी अरुण कोलटकर गुरुवारी तिथे मित्रांबरोबर बसायचे. ते २००२ मध्ये बंद झालं. मी विद्यार्थी असताना एकदाच गेलो, खिडकीजवळच्या टेबलावर ते बसलेले दिसले. जवळ जायचं धाडस झालं नाही. बाहेरच्या चौकाकडे बघत होते. पुढे त्या चौकावरच्या त्यांच्या कविता वाचल्या तेव्हा कळलं, ते काय बघत होते.

गिरगावचा_मुलगा
अनंताश्रम. खोताची वाडी. बस, एवढंच लिहून थांबणार होतो, पण राहवत नाही.

लाकडी बाकं-खुर्च्या, सगळं स्वच्छ पुसलेलं, आणि बोलणं अगदी मोजकं. सुरमई आहे का विचारलं तर ‘आहे’ किंवा ‘संपली’. तिसरं वाक्य नाही. माझा काका म्हणायचा, इथे मासा बोलतो, माणसं गप्प राहतात. तिसऱ्यांचं सुकं असं पुन्हा कुठे खाल्लं नाही. आई घरी करायची तेही छानच, पण आईसमोर हे कबूल केलं नव्हतं. आज इथे करतो.

बाबुल
सगळ्यांच्या आठवणी सुंदर आहेत, पण मला वेगळं म्हणायचंय. राग मानू नका.

धागाकर्तीने प्रामाणिकपणे लिहिलंय: अकरा वर्षं गेले नाही. बहुतेकांचं उत्तर तेच असणार. दुकान आठवणींवर चालत नाही, रोजच्या गल्ल्यावर चालतं. आपण त्या दुकानदाराला दर महिन्याला शंभर रुपये दिले असते तर तो आज असता. आपण दिले नाहीत. मग पायरीवर उभं राहून रडायचा हक्क आपल्याला कितपत आहे?

मोगरा
बाबुल, हक्क कसला? रडू आलं तर आलं.

वकिलीण
बाबुल यांचं म्हणणं निम्मं बरोबर आहे. उरलेलं निम्मं गिऱ्हाइकाच्या हातात नव्हतं. व्यवसायामुळे जवळून पाहिलंय म्हणून थोडं सविस्तर लिहिते.

मुंबई-पुण्यातली जुनी दुकानं बहुतेक भाड्याच्या जागेत. १९४७ च्या भाडे कायद्याने भाडं गोठलं. त्यामुळेच तर ती दुकानं इतकी वर्षं तगली. पाच-पन्नास रुपये भाड्यात भर रस्त्यावरची जागा मिळाली तर माणूस चार टेबलं टाकून एका चहावर दोन तास बसू देऊ शकतो. नंतर महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९ आला, ३१ मार्च २००० पासून लागू झाला. त्यात बँका, सरकारी कंपन्या आणि एक कोटी किंवा त्याहून जास्त भरणा भांडवल असलेल्या कंपन्या यांना भाड्याचं संरक्षण नाही. म्हणजे घरमालकाने तीच जागा बँकेला दिली तर बाजारभावाने भाडं, आणि जुन्या भाडेकरूकडे राहिली तर चणे-फुटाणे. मालक कोणाच्या जाण्याची वाट बघत बसणार, सांगा.

शिवाय पागडी. जुना भाडेकरू जागेचा हक्क विकू शकतो, त्यातला हिस्सा मालकाला जातो. दुकानदार सत्तरीला आला, मुलं परदेशी, आणि समोर पागडीचे एवढे पैसे की आयुष्यभराच्या गल्ल्यात कधी जमले नाहीत. तो सही करतो. मी अशा सह्या होताना समोर बसलेली आहे. एका म्हाताऱ्या गृहस्थांनी सही केली, पेनाचं टोपण लावलं आणि विचारलं, ‘उद्या सकाळी किल्ली कोणाकडे द्यायची?’ त्यांच्या बायकोने त्यांच्या हातावर हात ठेवला.

बाबुल
वकिलीणबाई, हे माहीत नव्हतं. माझं वाक्य जरा कडक झालं. पण महिन्याच्या शंभर रुपयांचं म्हणणं मागे घेत नाही.

फळीकर
पहिल्यांदाच लिहितेय इथे. रोज वाचते.

माझ्या वडिलांचं किराणा-भुसाराचं दुकान होतं, सातारा जिल्ह्यातल्या एका बाजारगावात. मी काउंटरच्या आतल्या बाजूने लिहितेय.

दुकानाला शटर नव्हतं, उभ्या फळ्या होत्या. अकरा. प्रत्येकीवर रंगाने आकडा, कारण क्रम चुकला तर शेवटची फळी बसायची नाही. सकाळी सहाला वडील त्या एकेक करून काढायचे, रात्री साडेनऊला लावायचे. आमच्या घरात कोणी ‘किती वाजले’ विचारत नसे, ‘किती फळ्या लागल्या’ विचारत.

लोक म्हणतात, तुमच्या वडिलांना सगळ्यांची नावं पाठ होती. हो, होती. कोणाची मुलगी बाळंतपणाला आलीय, कोणाकडे डिंक जास्त लागणार, सगळं. पण त्यांना आमच्या शाळेतली इयत्ता नीट आठवायची नाही. लक्ष्मीपूजनाला आम्ही दुकानात असायचो. कोणाच्याही लग्नाला वडील अक्षतांना पोचले नाहीत, जेवणाच्या शेवटच्या पंगतीला यायचे. उधारीची वही होती, जाड, लाल कापडी पुठ्ठ्याची. पाऊस लांबला की वही भरायची. ‘सुगीला देतो’ म्हणणाऱ्याला वडिलांनी कधी नाही म्हटलं नाही, आणि घाऊक व्यापाऱ्याला आम्ही मात्र सुगीला देतो म्हणू शकत नव्हतो.

दुकान बंद केलं तेव्हा गावाने हळहळ केली. वडील पहिल्या दिवशी सकाळी नऊपर्यंत झोपले. मी माझ्या आयुष्यात त्यांना उजेडात झोपलेलं पाहिलं नव्हतं. आई दारात उभी राहून बघत होती आणि आम्हाला खुणेने सांगत होती, आवाज करू नका.

तेव्हा बंद झालेल्या प्रत्येक दुकानाबद्दल वाईट वाटताना एवढं लक्षात असू द्या, की आत एखादा माणूस नुसता थकलेला असतो.

पागोळी
फळीकर, तुमचं दोनदा वाचलं. काकांच्या बाजूने मी कधी विचारच केला नव्हता. त्यांचे हात काठी वर धरून दुखत असतील, हेही नाही.

वकिलीण
फळीकर, लिहीत राहा. _/\_

अण्णा_कॅम्पवाले
फळीकरताई, त्या फळ्या आहेत का अजून?

फळीकर
दहा गेल्या. सातवी आहे. माझ्या स्वयंपाकघरात मांडणी केलीय तिची. आकडा दिसेल अशीच लावलीय.

लालबागकर
भाडं, पागडी, ऑनलाइन सगळं वाचलं. आमच्याकडे वेगळंच झालं. आमच्याकडे गिऱ्हाईकच गेलं.

माझी आजी लालबागला खाणावळ चालवायची. पाटी-बिटी काही नाही, चाळीतली एक खोली आणि बाहेरचा गॅलरीचा तुकडा. बावीस जण जेवायला. सगळे गिरणीतले, बायको-मुलं कोकणात नाहीतर घाटावर. पहिल्या पाळीचे, दुसऱ्या पाळीचे, रातपाळीचे, तशा तीन पंगती. आजी पहाटे चारला चूल पेटवायची. महिन्याचे पैसे पगाराला. कोणाला भाकरी जाड हवी, कोणाला पातळ, कोणाच्या ताटात शुक्रवारी मासे नकोत, सगळं तोंडपाठ. अशा शेकडो बायका होत्या गिरणगावात. सावकाराकडून भरमसाठ व्याजाने पैसे उचलून धान्य भरायच्या. प्रेमाताई पुरव यांनी १९७५ मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ काढलं आणि या बायकांना बँकेचं कर्ज मिळायला लागलं. आजीला बँकेत सही करायची होती, म्हणून ती माझ्या आत्याकडून सही शिकली. नाव पाच अक्षरांचं, शिकायला महिना लागला.

१८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला. पहिले दोन महिने सगळे म्हणाले, आज मिटेल, उद्या मिटेल. आजीने जेवण थांबवलं नाही. उधारी चढत गेली. मग एकेक जण गावाला जायला लागला. जाताना पाया पडून सांगायचे, ‘मावशी, संप मिटला की पहिला पगार तुमचा.’ काही जणांनी खरंच वर्षा-दोन वर्षांनी मनिऑर्डरी केल्या. बाकीच्यांची गिरणी पुन्हा उघडलीच नाही, त्यांनी कुठून द्यायचे?

खाणावळ एका दिवशी बंद झाली नाही. बावीस ताटांची सोळा झाली, नऊ झाली, चार झाली. शेवटी एक वयस्कर जॉबर (गिरणीतले मुकादम) उरले होते, ते एकटे जेवायला यायचे. एकट्यासाठी मोठं पातेलं चढवता येत नाही. आजीने त्यांना सांगितलं, आता तुम्ही घरचेच, पैसे देऊ नका. ते दुसऱ्या दिवसापासून आले नाहीत.

भटक्या_जीव
लालबागकर, यावर काय लिहावं.

सांजवात
शेवटचं वाक्य. _/\_ _/\_

रानमेवा
मलाही एक बाजू मांडायची आहे. जुन्या हॉटेलांचा विषय निघाला की आमच्या घरात सगळ्यांच्या आठवणी गोड नसतात.

माझे पणजोबा मराठवाड्यातून पुण्यात कामाला आले. तेव्हा कितीतरी उपाहारगृहांवर कोणाचं उपाहारगृह आहे ते जातीसकट लिहिलेलं असायचं. पाटीवर नसलं तरी आत गेल्यावर कळायचं. चहा बाहेर, वेगळ्या कपात, कप आपणच विसळून ठेवायचा. पणजोबा सांगायचे की पहिल्यांदा खुर्चीवर बसून, सगळ्यांच्याच कपातून चहा प्यायले ते इराण्याकडे. कोण आहेस, कुठला आहेस, कोणी विचारलं नाही. संगमरवरी टेबलाला हात लावून बघितला, गार लागला, असं सांगायचे.

म्हणून इराणी बंद झाला की माझ्या घरात वेगळ्या कारणाने वाईट वाटतं. आणि बाकीच्या काही पाट्या गेल्या त्याचं मात्र अजिबात वाटत नाही.

वकिलीण
रानमेवा, फार महत्त्वाचं लिहिलंत. दुकानं, सार्वजनिक उपाहारगृहं आणि हॉटेलांत प्रवेश नाकारता येणार नाही हे राज्यघटनेच्या कलम १५ मध्ये स्पष्ट शब्दांत लिहावं लागलं, आणि १९५५ मध्ये त्यासाठी वेगळा अस्पृश्यता गुन्हे कायदा करावा लागला. वर भटक्या_जीव यांनी ज्या वेसाइड इनचा उल्लेख केलाय, तिथल्या टेबलावर बसून बाबासाहेबांनी घटनेच्या मसुद्याचं काही काम केलं असं सांगतात.

रंकाळ्याकाठी
मग आमच्या कोल्हापूरचं हॉटेल इथे यायलाच हवं. गंगाराम कांबळे यांचं. अस्पृश्य म्हणून मार खाल्लेल्या या माणसाला शाहू महाराजांनी पाठबळ दिलं, भाऊसिंगजी रोडवर चहाचं हॉटेल निघालं. लोक फिरकेनात. तेव्हा महाराज स्वतः गाडी थांबवून तिथला चहा घ्यायचे आणि बरोबरच्या मंडळींनाही पाजायचे. राजाने घेतला म्हटल्यावर नाही कोण म्हणणार? माझ्या आजोबांनी ही गोष्ट त्या रस्त्याने जाताना दर वेळी सांगितली. ते हॉटेल आम्ही कोणी पाहिलेलं नाही, पण बंद झालेल्या हॉटेलांत मी सगळ्यात आधी त्याचं नाव घेईन.

रानमेवा
रंकाळ्याकाठी, जय भीम. आणि धन्यवाद.

केतकी_०७
धागा कुठून कुठे गेला! बटणावरून घटनेपर्यंत. वाचनखूण साठवली.

गिरगावचा_मुलगा
इराण्याचा विषय निघालाच आहे तर धोबी तलावचं बस्तानी. २००४ मध्ये गेलं. हे करू नका, ते करू नका अशा तिथल्या सूचनांच्या पाटीवरून निस्सीम इझिकेल यांनी इंग्रजीत कविता केली होती. समोरच्या कयानीत (१९०४) अजूनही ब्रून मस्का (कडक पाव आणि लोणी) मिळतो. बस्तानीत लोक जायचे ते केकसाठी, आमचे बाबा जायचे ते पेपर वाचायला. एक पेपर पाच टेबलांवर पानं सुटी करून फिरायचा. बाबांना नेहमी खेळाचं पान शेवटी मिळायचं.

टपरीवाला
अवांतर: ब्रून चहात बुडवायचा की नाही?

गिरगावचा_मुलगा
बुडवायचा. नाहीतर दात जातील.

मोगरा
बुडवायचा नाही. मस्का चहात तरंगतो आणि चहा वाया जातो.

अण्णा_कॅम्पवाले
माझ्या वयात बुडवावाच लागतो, मुलांनो. :)

टपरीवाला
हसून हसून पुरेवाट. आमच्या नाशकात एका कपड्याच्या दुकानावर ‘दुकान बंद करणे आहे, शेवटचे आठ दिवस’ असा फलक होता. मी पाचवीत असताना लागला. माझ्या लग्नाचा शर्ट तिथूनच घेतला. फलक नवीन रंगवून घेतला होता.

सांजवात
टपरीवाला, हसून हसून पोट दुखलं. असे आठ दिवस सगळ्यांना मिळोत.

भटक्या_जीव
ग्रँट रोडचं मेरवान आठवा. १९१४ चं. बरोब्बर शंभराव्या वर्षी, २०१४ मध्ये, बंद होणार अशी बातमी फुटली. मावा केकसाठी पहाटेपासून रांग, लोकांनी खोकेच्या खोके नेले, वर्तमानपत्रांत मृत्युलेख लिहावेत तसे लेख आले. आणि डागडुजी करून काही दिवसांनी ते पुन्हा उघडलं! मी त्या दिवशी चार केक खाल्ले. एवढा आनंद मला परीक्षेच्या निकालालाही झाला नव्हता.

बाबुल
आणि उघडल्यावर किती वेळा गेलात? (खरंच विचारतोय.)

भटक्या_जीव
ग्रँट रोडला उतरलो की जायचोच. तुमच्या शंभर रुपयांच्या हिशोबात मी पास आहे, बाबुलराव.

मुठेकाठी
मी या धाग्यावर बहुधा वयाने सगळ्यात मोठा. आमच्या गल्लीतली दुकानं भाड्याने गेली नाहीत की म्हातारपणाने गेली नाहीत. १२ जुलै १९६१ च्या सकाळी पानशेतचं धरण फुटलं आणि दुपारपर्यंत नदीकाठच्या पेठा पाण्यात. पाणी ओसरल्यावर वडिलांचा हात धरून गेलो होतो. वह्या-पुस्तकांच्या एका दुकानातले कागद सगळे फुगून एकजीव झाले होते, फळीवरून निघेनात. दुकानदार पहारीने वह्या उकरत होता. काहींनी पुन्हा उभी केली दुकानं, काही तेव्हाच गेली ती गेली. मला अजून ओल्या कागदाचा वास आला की पाटी-पेन्सिल घ्यायला गेलेली ती गल्ली आठवते.

पागोळीताई, तुमच्या बटणाच्या दुकानाची गल्ली मला ठाऊक आहे. माझ्या बायकोने तिथून आमच्या मुलीच्या परकराला लेस आणली होती. शेजारी छत्र्या दुरुस्त करणारा बसायचा ना?

पागोळी
हो काका!! छत्रीवालेच. आणि त्यांच्या पलीकडे कल्हईवाले यायचे आठवड्यातून एकदा. तुम्ही लिहिलंत आणि सगळी गल्ली डोळ्यांपुढे आली. तुम्हाला काकांचं काय झालं ते काही माहीत आहे का?

मुठेकाठी
नक्की नाही. मुलगा त्या धंद्यात नव्हता, एवढं ऐकून होतो. माल कोणीतरी ठोक उचलला असणार. असा माल सहसा रविवारच्या जुन्या बाजारात येतो, नाहीतर एखाद्या शिंप्याच्या माळ्यावर जातो.

स्वरगंध
उशिरा आले. माझं कर्वे रोडवरचं अलूरकर म्युझिक हाऊस. जुन्या मैफलींच्या कॅसेट त्यांनी स्वतः काढल्या, इतरत्र मिळायच्या नाहीत. मी गाणं शिकत होते. गुरुजींनी एक चीज सांगितली आणि म्हणाले, ही ऐकायची असेल तर तिकडे जा. गेले तर कॅसेट देण्याआधी ‘आधी दुसऱ्या बाजूचं ऐका, मग ही चीज कळेल’ म्हणाले. तसंच केलं. आज तीच मैफल फोनवर मिळते, पण आधी काय ऐक ते फोन सांगत नाही. शेवटची गेले ते माझ्या मुलीच्या बारशाच्या आठवड्यात, तिच्यासाठी अंगाई घ्यायला.

गोधडी
सगळं वाचून काढलं, दोन दिवस लागले. पण पागोळी, मूळ प्रश्न राहिलाच की. कोटाचं काय केलंत? बटण मिळालं का?

पागोळी
नाही मिळालं. तसाच कपाटात ठेवलाय. तुळशीबागेत दोन ठिकाणी विचारलं, त्यांच्याकडे आता एकाच रंगाची प्लास्टिकची, पाकिटबंद.

गोधडी
फोटो टाका. मी जुन्या कपड्यांच्या गोधड्या शिवते. शर्ट, कोट, झगे उसवताना बटणं काढून ठेवायची सवय आहे, कधी टाकत नाही. आईचे, सासूबाईंचे, शेजारणींचे, असे तीन श्रीखंडाचे डबे भरलेत. दोन भोकांचं आहे की चार? आणि कड सपाट की उंचावलेली?

पागोळी
चार भोकं. कड उंच आहे, आणि मधला भाग थोडा खोलगट, बशीसारखा. गडद तपकिरी, उजेडात धरलं तर त्यात फिकट रेषा दिसतात. फोटो वर जोडलाय. उरलेल्या पाचांपैकी एक पूर्ण दिसतंय.

गोधडी
डबे काढलेत. पहिल्यात नाही.

गोधडी
दुसऱ्यात अशी दोन आहेत, रेषा तशाच, पण आकाराने जरा मोठी वाटतात. तुमचं बटण पट्टीवर ठेवून मोजा. काजातून जायला हवं ना.

पागोळी
मोजते. थांबा हं, कोट बाहेर काढते.